पाचारणाचा निवाडा कोणी करायचा?

वसई-विरारच्या पट्ट्यात किंवा मुंबईच्या उपनगरांत एखाद्या कॅथलिक घरातली विशीतली मुलगी 'मला धर्मभगिनी व्हायचे आहे' असे म्हणू लागली, की तिला दोन दिशांनी सल्ले येतात. प्रेअर ग्रुपमधली माणसे सांगतात, रिट्रीटला जा, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करून घे, तुला वचन मिळेल. इग्नेशियन किंवा कार्मेली वळणाचे धर्मगुरू सांगतात, आधी हा गलबला थांबव, रोज पवित्र साक्रामेंतासमोर तासभर गप्प बस, मग बोलू. पहिल्यांना दुसरे कोरडे वाटतात, दुसऱ्यांना पहिले उथळ. मुलीचे मात्र दोन्हीकडे मन रमते. शुक्रवारच्या सभेत ती टाळ्या वाजवून गाते, कधी भाषादानात प्रार्थना करते; आणि आडदिवशी दुपारी रिकाम्या चर्चमध्ये एकटी बसली तरी तिला तिथून उठावेसे वाटत नाही. मग तिला प्रश्न पडतो की यातली खरी मी कोणती. आणि त्याला जोडून दुसरा: मी बंदिस्त मठात जावे, की रस्त्यावर काम करणाऱ्या संघात?

माझे म्हणणे असे, की हे दोन प्रश्न एकमेकांना जोडण्यातच चूक होते. प्रार्थनेची तऱ्हा आणि पाचारणाचा निवाडा या वेगळ्या गोष्टी आहेत. पाचारण खरे की भासमान, हे ठरवण्याचा अधिकार ना स्तुतीला, ना मौनाला.

खरे तर मराठी माणसाला या जोडीचे नवल वाटू नये. तुकोबा कीर्तनाला उभे राहत आणि एकांतासाठी भंडाऱ्याचा डोंगरही चढत. त्यावरून तुकाराम दोन होते असे कोणी म्हटले नाही. पण हा दाखला फार ताणता येत नाही. तुकोबांना कोणत्या संस्थेचे दार वाजवायचे नव्हते. कॅथलिक व्रतस्थ जीवनात ते वाजवावे लागते. आतल्या माणसांनी हो म्हणावे लागते, ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही व्रते घ्यावी लागतात, आणि कोणासोबत राहायचे, कोणते काम करायचे, हे पुढे आयुष्यभर दुसरा माणूस ठरवतो. 'देव मला बोलावतो आहे' या वाक्यातला 'मला' इथे एकट्याचा राहत नाही.

या दोन प्रार्थनापरंपरांना एकमेकींच्या सवती मानण्याची जी सवय पडली आहे, तिला इतिहासाचा फारसा आधार नाही. कॅथलिक कॅरिस्मॅटिक चळवळीचा उगम 1967च्या फेब्रुवारीतला. पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातले काही विद्यार्थी 'द आर्क अँड द डव्ह' नावाच्या रिट्रीटगृहात शनिवार-रविवार घालवायला गेले होते. शनिवारी रात्री वाढदिवसाची पार्टी ठरली होती. ती राहिली बाजूला, आणि मुले एकेक करून वरच्या मजल्यावरच्या चॅपेलमध्ये पवित्र साक्रामेंतासमोर जाऊन बसली. हसू, अश्रू, भाषादान, सारे तिथे झाले. म्हणजे ज्या चळवळीला आज ध्वनिक्षेपकावरून ओळखले जाते, तिचा पहिला प्रसंग स्टेजवर नव्हे, साक्रामेंतासमोर घडला.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत त्याच देशात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर येथील ट्रॅपिस्ट मठात, विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या तिघांनी चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रजी ग्रंथाच्या आधाराने मौन प्रार्थनेची एक सोपी पद्धत बसवली. 'सेंटरिंग प्रेअर' या नावाने ती जगभर गेली. वरवर पाहता ड्यूकेन आणि स्पेन्सर ही दोन टोके. पण दोन्हींचे मागणे एकच होते: देवाचा अनुभव ही मठातल्या निवडक जिवांची मिरास नाही, नोकरी करणाऱ्या, पोरेबाळे सांभाळणाऱ्या माणसालाही तो मिळू शकतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत हाच वाद झाला होता. 1963च्या शरदात कार्डिनल रुफिनी म्हणत होते की पवित्र आत्म्याची विशेष कृपादाने आता दुर्मीळ आहेत. कार्डिनल सुएनेन्स म्हणत होते की ती सर्वसामान्य बाप्तिस्मा झालेल्यांमध्येही आहेत. सुएनेन्स यांचे म्हणणे टिकले आणि पुढच्या वर्षी चर्चविषयक घटनापत्राच्या 12व्या परिच्छेदात आले. मात्र त्याच परिच्छेदात असेही आहे की असाधारण दानांचा उतावीळपणे हव्यास धरू नये, आणि ती खरी की खोटी हे चर्चच्या जबाबदार माणसांनी पारखावे, पण आत्म्याला विझवू नये. आमच्याकडे या परिच्छेदाचा पहिला अर्धा भाग प्रेअर ग्रुपवाले वाचतात आणि दुसरा अर्धा सेमिनरीवाले.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण ती सहसा बोलली जात नाही. मौनाची प्रशंसा करणाऱ्यांच्या बोलण्यात कधीकधी वर्गाचा वास येतो. शांतता ही जागा असलेल्यांची चीज आहे. दोन खोल्यांत सहा माणसे, शेजारी चालू टीव्ही, पहाटेची लोकल. अशा घरातल्या मुलीला 'एकांतात देवाचे ऐक' असे सांगणे सोपे, तो एकांत मिळवून देणे अवघड. तिला प्रेअर ग्रुपमध्ये पहिल्यांदा काय मिळते? आपला आवाज. तिथे तिला कोणी बाजूला सारत नाही, तिची साक्ष ऐकली जाते, तिच्या आजारी आईसाठी वीस माणसे मोठ्याने प्रार्थना करतात. धर्मग्रामाच्या रचनेत जिला सजावट आणि झाडलोट यांपलीकडे फारसे स्थान नव्हते, तिच्या लक्षात येते की आपणही उभे राहून बोलू शकतो. तिच्या पाचारणाची पहिली चाहूल तिथे लागली असेल, तर तिला भावनेचा उमाळा म्हणून झटकणे हा अन्याय आहे. ज्याला कधी कोणी हाक मारलीच नाही, त्याला हाक ऐकू यायला थोडा मोठा आवाज लागतो.

पण चाहूल लागणे वेगळे आणि निर्णय होणे वेगळे. आणि या जागी मला इग्नेशियस लोयोला आठवतो, ज्याला दोन्ही पक्ष आपला म्हणतात.

1521मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि हा बास्क सरदार लोयोलाच्या घरी अंथरुणाला खिळला. मनात कधी शौर्यकथांतल्या स्त्रीची स्वप्ने, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही वेळी मन रंगून जाई. फरक नंतर कळे. पहिल्या स्वप्नानंतर मन शुष्क होई, दुसऱ्यानंतर प्रसन्नता टिके. एवढे सगळ्यांना ठाऊक असते. मला पुढचे प्रसंग अधिक मोलाचे वाटतात. मान्रेसात असताना रात्री झोपायला गेला की त्याला मोठी आध्यात्मिक सांत्वने येऊ लागली. इतकी, की झोपच उडाली. दुसरा कोणी असता तर धन्य झाला असता. इग्नेशियसने हिशेब मांडला: दिवसभर देवासाठी वेळ ठेवलेला आहे, झोपेसाठी ही एवढीच वेळ, तीही खाणारे हे सुख चांगल्या आत्म्याकडून आलेले असेल का? त्याने सांत्वनाकडे पाठ फिरवली आणि झोपला. पुढे बार्सिलोनात लहान मुलांसोबत लॅटिनची रूपे पाठ करताना पुन्हा तेच. मिस्सेत न सुचणाऱ्या गहन गोष्टी व्याकरण घोकतानाच सुचायच्या. त्याने याला मोह ठरवले आणि आपल्या शिक्षकाला शब्द दिला की मी वर्ग बुडवणार नाही.

ही भावनेला घाबरणाऱ्या माणसाची गोष्ट नाही. त्याची 1544-45ची आध्यात्मिक दैनंदिनी वाचणाऱ्याला दर दिवशी अश्रूंची नोंद भेटते. मिस्सेपूर्वी अश्रू, मिस्सेत अश्रू, नंतर अश्रू. आणि एका आतल्या स्वराचाही उल्लेख, ज्याचे माधुर्य त्याला भुरळ घाली. आजच्या भाषेत त्याला खुशाल कॅरिस्मॅटिक म्हणावे. पण त्याच दिवसांत संघाच्या दारिद्र्याविषयीचा निर्णय करताना त्याने दोन्ही बाजूंची कारणे कागदावर उतरवून काढली होती. अश्रू होते आणि यादीही होती.

त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथाच्या आरंभी मार्गदर्शकासाठी वीस सूचना आहेत. त्यातली 14वी आज प्रत्येक रिट्रीटगृहाच्या भिंतीवर लावावी अशी आहे. साधक उत्साहाने भरलेला दिसला, तर त्याला घाईने कसलेही वचन किंवा व्रत घेऊ देऊ नये, आणि त्याचा स्वभाव जितका चंचल, तितके त्याला अधिक सावध करावे. 15वी त्याहून कडक. साधनेच्या काळात मार्गदर्शकाने साधकाला व्रतस्थ जीवनाकडे किंवा अन्य कुठल्या जीवनस्थितीकडे ढकलू नये. देव आणि त्याचा जीव यांच्यामध्ये त्याने पडू नये. एरवी ढकलण्यात गैर काही नाही, असेही इग्नेशियस म्हणतो; पण साधनेच्या दिवसांत नाही. आता आपल्याकडचा प्रकार पाहा. रिट्रीटच्या शेवटच्या दिवशी, गाणी टिपेला पोहोचली असताना, कोणीतरी एकोणीस वर्षांच्या मुलीवर हात ठेवून जाहीर करतो की प्रभूने तुला स्वतःसाठी राखून ठेवले आहे. शेजारी तिची आई रडत असते. त्या मुलीने नंतर 'मला तसे वाटत नाही' असे कोणाला आणि कसे सांगायचे?

बायबल डोळे मिटून उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी समजायचे, हीही त्यातलीच एक रीत. असे एखादे वचन संतांच्या चरित्रांत सापडते, हे खरे. पण संतांच्या चरित्रात ते एकदा सापडते. आपल्याकडे ते दर शुक्रवारी काढले जाते.

मौनपक्षाने मात्र इतक्यात सुटकेचा निःश्वास टाकू नये. मौनात फसवणूक होत नाही, हा भ्रम आहे. आविलाच्या तेरेजाला हे पुरते माहीत होते. 'अंतर्दुर्ग' या 1577 सालच्या ग्रंथात तिने एका स्त्रीचा किस्सा सांगितला आहे, जी ध्यानाच्या नावाखाली आठ-आठ तास गुंगीत पडून राही आणि त्यालाच समाधी समजे. उपाय काय केला, तर तपश्चर्या कमी, जेवण आणि झोप जास्त. गुंगी गेली. स्वतः भावसमाधीत जाणारी ही बाई इतरांच्या समाधीकडे मोठ्या घरच्या गृहिणीच्या नजरेने बघते, आणि तिची कसोटी शेवटी शेजारणीवरच्या प्रेमाची असते. मठातल्या आजारी भगिनीची सेवा करायची वेळ आली की ध्यान सोडून उठता येते का?

तेरेजाच्या स्वतःच्या पाचारणाची हकीकत तर दोन्ही पक्षांना गैरसोयीची आहे. 1535मध्ये, वीस वर्षांची असताना, ती आविलाच्या कार्मेली मठात गेली. तिथे नेणारी ना भावसमाधी होती, ना मौनातली शांती. देवावरच्या प्रेमापेक्षा नरकाची भीती आपल्याला अधिक हलवत होती, असे ती आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगते. वडिलांचे घर सोडताना तर जिवावर बेतल्यासारखी वेदना झाली. आनंद आला तो मठाचा वेश अंगावर चढल्यावर. कॅथलिक जगातल्या या सर्वांत मोठ्या चिंतनशील स्त्रीला निर्णयाच्या क्षणी काहीही गोड वाटत नव्हते.

मौनाच्या आडून याहून भयंकरही घडले आहे. फ्रान्समधले डोमिनिकन धर्मगुरू तोमा फिलिप यांच्याभोवती खोल चिंतनाचे, गूढ ऐक्याचे वलय होते. त्याच भाषेच्या आडोशाने त्यांनी स्त्रियांचे शोषण केले. 1956मध्ये रोमने त्यांना शिक्षा केली. तरीही त्यांचा प्रभाव चालू राहिला. 'लार्श' या संस्थेचे संस्थापक जाँ व्हानिए यांनीही तेच केले, हे 2020मधल्या संस्थेच्याच चौकशीने उघड झाले. तिथे ना ढोल होते, ना भाषादान. एक खोली होती, आणि बाहेरच्या कोणालाही विचारू नये अशी शिकवण होती. गलबल्यात निदान साक्षीदार असतात.

आता आपल्या देशातले उदाहरण, कारण त्यात आवाज आणि मौन दोन्ही टोकाला गेलेले आहेत. 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत लोरेटो संघाच्या तेरेसा नावाच्या शिक्षिकेला, म्हणजे पुढच्या मदर तेरेसांना, हाक आली, आणि पुढचे काही महिने तिला ख्रिस्ताचा आवाज ऐकू येत राहिला. तिने तो आपले मार्गदर्शक, येशूसंघाचे फादर व्हॅन एक्सेम यांना सांगितला. त्यांनी थांबायला, गप्प राहायला सांगितले. मग प्रकरण कोलकात्याचे आर्चबिशप पेरिये यांच्याकडे गेले. त्यांनीही घाई केली नाही. ते लोकांना विचारत राहिले, प्रश्न पाठवत राहिले. तेरेसा तगादा लावत होती, तरी आज्ञेबाहेर गेली नाही. आणि पेरियेंना तिने लिहून काय कळवले? की ते आवाज न मागता आले आणि निघूनही गेले, निर्णय त्यांच्या आधारावर करू नये. 1948च्या ऑगस्टमध्ये ती लोरेटोबाहेर पडली. त्याच सुमारास आतला उजेडही गेला. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे, 1958मधले काही आठवडे वगळता, तिला प्रार्थनेत देव जाणवला नाही. तिची पत्रे 2007मध्ये पुस्तकरूपाने आली तेव्हा जगाला हे कळले.

या अंधाराचा अर्थ तिला लावता आला तो पुण्याशी जोडलेल्या एका माणसामुळे. ऑस्ट्रियाचे जोसेफ नॉयनर हे येशूसंघीय, 1938मध्ये भारतात आलेले, पुण्यात पिढ्यान्पिढ्यांच्या धर्मगुरूंना ईशज्ञान शिकवलेले. 2009मध्ये 101 वर्षांचे होऊन ते पुण्यातच वारले. 1961च्या सुमारास तेरेसाने त्यांच्याजवळ मन मोकळे केले. त्यांनी तिला थोडक्यात तीन गोष्टी सांगितल्या. यावर माणसाच्या हातात इलाज नाही. देव जाणवणे हा तो असल्याचा एकमेव पुरावा नव्हे. त्याची एवढी तहान लागते, हाच त्याच्या सान्निध्याचा पुरावा. आणि हा अंधार तुझ्या कामाचाच आध्यात्मिक भाग आहे. तिने ते स्वीकारले.

तेरेसाच्या या कथेत आवाजाने पाचारण सुरू केले हे खरे, पण ते सिद्ध केले नाही. मौनानेही ते सिद्ध केले नाही. मौन तर तिच्या वाट्याला शिक्षेसारखे आले. सिद्ध कशाने झाले? आर्चबिशपांच्या अडवणुकीने, तिच्या आज्ञाधारक तगाद्याने, आणि मोतीझीलच्या झोपडवस्तीत रोज उठून जाण्याने. रानिएरो कान्तालामेस्सा यांचेही तसेच. मिलानच्या कॅथलिक विद्यापीठातले हे कापुचिन प्राध्यापक 1977मध्ये अमेरिकेत कॅरिस्मॅटिक अनुभव घेऊन परतले. अध्यापन सोडून प्रचाराला जायची परवानगी मागितली, तर वरिष्ठांनी वर्षभर थांबवले. 1980पासून ते चार दशकांहून अधिक काळ पोपच्या घराण्याचे प्रवचनकार होते, आणि राहायला त्यांनी निवडली ती बंदिस्त धर्मभगिनींजवळची एक कुटी.

तेव्हा त्या विशीतल्या मुलीने काय करावे? मला वाटते, दोन्ही प्रार्थना चालू ठेवाव्यात, पण त्यांना वेगवेगळी कामे नेमून द्यावीत. स्तुतीच्या प्रार्थनेचे काम तिला स्वतःच्या बाहेर काढण्याचे: मला जे वाटते आहे ते चार माणसांसमोर बोलून दाखवायचे, त्यांनी ते तपासायचे. संत पौलाने करिंथच्या मंडळीला हेच सांगितले होते. एकाने संदेश द्यावा आणि इतरांनी तो पारखावा. आमच्या सभांत पहिला भाग होतो, दुसरा होत नाही. मौन प्रार्थनेचे काम उलटे: कोणी बघत नसताना, टाळ्या नसताना, कंटाळा आला असताना ती ओढ उरते का, हे पाहण्याचे. दोन्हींनी निवाडा मात्र करायचा नाही.

आणि संघ निवडताना प्रार्थनेच्या आवडीवर जाऊ नये. मौन आवडते म्हणून कार्मेली मठात गेलेल्या मुलीला तिथे कळते की मौनाहून अवघड आहे ते त्याच वीस बायकांसोबत चाळीस वर्षे राहणे. गाणे आवडते म्हणून प्रचारकार्याच्या संघात गेलेलीला वसतिगृहाचे हिशेब लिहावे लागतात. 'कम अँड सी' शिबिरात चॅपेलपेक्षा स्वयंपाकघरात जास्त वेळ बसावे. तिथल्या म्हाताऱ्या भगिनींशी कसे बोलले जाते, वरिष्ठांविषयी नाराजी उघड मांडता येते की कुजबुजत, हे पाहावे. यातून जे कळते ते कुठल्याही प्रार्थनेतून कळत नाही.

चर्चने कायद्यात जो वेळ बांधून दिला आहे, तो याच अविश्वासातून. एका क्षणावर, मग तो कितीही तेजस्वी असो, चर्च विसंबत नाही. नोव्हिशिएट किमान 12 महिन्यांचे, त्यानंतर तात्पुरती व्रते किमान तीन वर्षांची. चिंतनशील मठांतल्या भगिनींसाठी तर 2018च्या नियमांनी पहिल्या पायरीपासून कायमच्या व्रतांपर्यंत किमान नऊ वर्षे ठेवली आहेत. जिथे प्रार्थना सर्वांत जास्त, तिथे वाट पाहणेही सर्वांत जास्त.

प्रेअर ग्रुपच्या प्रमुखांना, रिट्रीट घेणाऱ्यांना आणि आयांना म्हणून एक विनंती आहे. कोणाच्याही मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तिचे पाचारण जाहीर करू नका, आणि कोणाच्याही मुलीला 'हे नुसते भावनेचे आहे' म्हणून हसण्यावारीही नेऊ नका. जीवनस्थिती निवडताना प्रत्येक श्रद्धावंताला कोणत्याही सक्तीपासून मुक्त राहण्याचा हक्क आहे, असे चर्चच्या कायद्याचे 219वे कलम सांगते. तो हक्क तिचा आहे, आणि तो व्रते घेण्याआधीच वापरायचा असतो.